शेणानं सारवलेलं कोर्ट

कुवारातलं ऊन रायपुरात फार वाईट. पाऊस गेलेला असतो, जमिनीतली ओल मात्र तशीच असते. वरून तापतं, खालून वाफ येते आणि माणूस मधल्यामध्ये शिजतो. पंचांगात या महिन्याला आश्विन म्हणतात, पण इथं राहून राहून आम्हा मराठी माणसांच्या तोंडीही कुवारच बसला आहे. परवा बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीतून भाजी घेऊन येत होते. टोकाच्या एका जुन्या घरी दिवाळीची तयारी चालली होती आणि एक बाई अंगण सारवत होती. ओल्या शेणामातीचा वास आला आणि मी पिशवी धरून रस्त्यातच उभी राहिले. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला. "आंटीजी, साइड तो दो." दिली साइड. आंटीजी होऊनही आता बरीच वर्षं झाली, तरी दर वेळी राग येतो तो येतोच.

हा वास आला की लोकांना सण आठवतो, कुणाला आजोळ आठवतं. मला टेनिस आठवतं. असं म्हटलं की लोक माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांचं टेनिस टीव्हीवरचं, चकचकीत निळ्या जमिनीवरचं. आमचं शेणातलं होतं, आणि ते मी माझ्या हातानं सारवलेलं होतं.

मी इथल्या एका मुलींच्या कॉलेजात क्रीडा अधिकारी होते. हुद्दा ऐकायला भारदस्त, हाताखाली मात्र कुणी नाही. अधिकारी मीच आणि शिपाईही मीच. माझं माहेर गोंदियाचं. वडील रेल्वेत होते, आणि तिथल्या साहेबलोकांच्या क्लबात एक मातीचं कोर्ट होतं. साहेब दौऱ्यावर गेले की आम्ही कॉलनीतली पोरं त्यात घुसायचो. तिथं मी टेनिस शिकले, म्हणजे खरं तर हाकलून लावेपर्यंत जेवढं जमलं तेवढं शिकले. लग्न होऊन रायपुरात आले, नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात जुन्या चपराशानं सांगितलं की इमारतीच्या मागे कधीकाळी टेनिसचं कोर्ट होतं. जाऊन बघते तर गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं आणि त्यात दोन गंजलेले लोखंडी खांब उभे. मला ते खांब बघून जो आनंद झाला, तो लग्नात दागिने बघूनही झाला नव्हता.

मग दर वर्षी दसरा झाला की आमचा हंगाम सुरू व्हायचा. पावसानं कोर्टाची वाट लावलेली असायची. गवत उपटायचं, वरचा थर खरवडायचा, मुरूम चाळून पसरायचा, पाणी मारायचं आणि रोलर ओढायचा. चार पोरी पुढे, चार मागे, आणि ओरडायला मी. जमीन बसली की शेणकाला. पहाटे एक राऊतीण, म्हणजे इथली गवळीण, डोक्यावर शेणाची पाटी घेऊन यायची. तिला आदल्या दिवशी किती लागेल ते सांगितलं की "हव दीदी" एवढंच म्हणायची आणि बरोब्बर आणायची. शेण, पिवळी माती आणि पाणी कालवून तो काला कोर्टभर हातानं फिरवायचा, एकीच्या हाताची वळणं दुसरीच्या वळणात मिसळली पाहिजेत अशा बेतानं. उन्हात पटकन वाळला तर भेगा पडतात, म्हणून सगळं पहाटेच. नियम एकच होता. जी सारवेल ती खेळेल.

नवीन आलेल्या पोरी आधी नाकं मुरडायच्या. "मैडम, हम गोबर में हाथ डालेंगे?" रश्मी नावाच्या पोरीनं मला विचारलं होतं. घराणं मराठी, भोसल्यांच्या काळात इथं येऊन राहिलेलं. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. मी म्हटलं, "काहून? तुझी आजी घालत नव्हती का?" ती म्हणाली, "दादी की बात अलग थी." "मग आजीला बोलाव, ती खेळेल." ती हसली आणि बाह्या वर करून बसली. गंमत अशी की घरच्यांची तक्रार शेणाबद्दल कधी नसायची. शेणाचे बूट घरात चालायचे, शेण पवित्र. तक्रार गुडघे दिसण्याबद्दल असायची. म्हणून माझ्या पोरी सलवार-कुर्त्यात खेळायच्या, ओढणी कमरेला करकचून बांधून, आणि दुसऱ्या कॉलेजांच्या पोरी आम्हाला हसायच्या. हसू देत.

त्या कोर्टाचा एक स्वभाव होता. चेंडू पडला की उसळायचा नाही. थोडा बसायचा, थोडा रेंगाळायचा, आणि मग पुढे सरकायचा. जोरात मारून तिथं काही मिळत नसे. गुडघे वाकवायचे, घसरत चेंडूपर्यंत जायचं, खालून उचलून पलीकडे द्यायचा, आणि समोरची कंटाळेपर्यंत देत राहायचं. मी पोरींना जे शिकवलं ते सगळं असं होतं. वाट बघायला शिकवलं, असंही म्हणता येईल. आज वाटतं, त्यात शिकवण्यासारखं काय होतं? आमच्याकडच्या पोरी वाट बघायला घरूनच शिकून येतात.

राज्याचा संघ तेव्हा भोपाळला निवडला जायचा, नाहीतर इंदूरला. रात्रभर बसून जायचं, सकाळी तोंड धुऊन सिमेंटच्या कोर्टावर उभं राहायचं. "रायपुर से आए हैं? अच्छा, छत्तीसगढ़ से," असं कुणीतरी म्हणायचं, जसं काही आम्ही जंगलातून चालत आलो. सिमेंटवर चेंडू खांद्याएवढा यायचा, आमचे हात गुडघ्याशी. दुपारपर्यंत आम्ही परतीच्या गाडीत. वर्षानुवर्षं हेच. आपलं कोर्ट सिमेंटचं करून घ्या म्हणून मला सल्ला देणारे पुष्कळ होते, करून देणारा एकही नव्हता.

आणि मग आमचं छत्तीसगड राज्यच वेगळं झालं.

त्या नोव्हेंबरातला तो पहिला दिवस मला पक्का आठवतो, कारण मी इतकी खूश कधी झाले नव्हते. नुकतीच दिवाळी होऊन गेलेली, तरी परत फटाके. गोलबाजारात ओळख ना पाळख माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. जो तो म्हणत होता, आता आपण राजधानीचे. घरमालक भाडी वाढवायच्या विचारात होते, आमचे हे ऑफिसात बढती मिळेल का याच्या विचारात होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट. आता भोपाळला जायला नको. नव्या राज्याचा पहिला महिला संघ निवडायचा होता, आणि डिसेंबरातली चाचणी आमच्याच कोर्टावर ठरली. दुसरं कुठलं कोर्ट त्या तारखांना मोकळं नव्हतं, एवढंच त्याचं कारण. मला तेवढं कारण पुरे होतं. आणि त्या वर्षी माझ्याकडे वैशाली होती.

वैशाली गुढियारीतून सायकलीनं यायची. वडील गजाननभाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. मूळ अमरावतीकडचे, घरात अजून अस्सल वऱ्हाडी. पोरगी उंच, काटकुळी, वेणी कुर्त्याच्या आत खोचलेली, बोलणं मोजकं. कॉलेजचीच एक जुनी रॅकेट तिनं स्वतः दोरा गुंडाळून नीट केली होती. तिचा बॅकहँड असा खालून कापत जायचा की पलीकडे चेंडू पडल्यावर उठायचाच नाही. समोरची पोरगी नुसती बघत राही. एकदा मी विचारलं, "इतका वेळ खेळत राहतेस, दमत नाहीस?" ती म्हणाली, "मी काहून दमू मॅडम? समोरची दमते न." एवढं बोलून चेंडू वेचायला गेली. खूप पोरी शिकवल्या मी. चांगल्या होत्या. पण हिला खेळताना बघितलं की मला माझंच शिकवणं पहिल्यांदा समजल्यासारखं वाटायचं. हे मी तिला कधी म्हटलं नाही. पोरींना तोंडावर चांगलं म्हटलं की त्या बिघडतात, असं आमच्या वेळी मानत.

चाचणी ठरल्यावर एकदा गजाननभाऊ कॉलेजात आले होते. ड्यूटीवरून तसेच आलेले, कपड्यांवर तांदळाचा कोंडा. माझ्यासमोर खुर्चीवर बसेनात.

"मॅडम, पोट्टीच्या सोयरिका येऊन राहिल्या," ते म्हणाले. "बडनेऱ्याचा पोट्टा आहे, मानसं चांगले आहे. मी त्यायले थांबवलं. मले साहेबानं सांगितलं, राज्याकडून खेळली तर रेल्वेत खेळाच्या कोट्यातून नोकरी लागते. मंग मी हिले म्हणलं, तुह्यं नाव राज्याच्या टीममधी आलं, तं लगन कॅन्सल. नाही आलं, तं माघात उरकून टाकीन. हे माही जबान आहे."

मी विचारलं, "आणि तिचं काय म्हणणं?"

"तिचं काय म्हणनं राहीन? तुमच्यावर भरोसा आहे तिचा."

मला तो माणूस आवडला. जबानीचा पक्का, आणि पोरीसाठी दार निदान अर्धं उघडं ठेवणारा. आमच्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या बापांनी तेवढंही ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, नाव येईल. असं मी कधी बोलत नाही, पण बोलले, कारण माझा तसा विश्वास होता. आपल्या कोर्टावर वैशाली हरत नव्हती.

त्या साली आम्ही कोर्ट असं सारवलं की बघत राहावं. पोरींनी दिवाळीत घरचं काम सोडून शेण कालवलं. रश्मीनं तर घरून रांगोळीची गाळणी आणून चुना गाळला, रेघा अगदी सुबक आल्या. सकाळचं कोवळं ऊन त्या पिवळ्या-हिरव्या जमिनीवर पडलं की मला भूक लागायची. खरंच सांगते, सुख झालं की मला भूक लागते.

आणि एके दिवशी सकाळी येऊन बघते, तर फाटक सताड उघडं आणि कोर्टावर पांढऱ्या गाड्या उभ्या. कुणीतरी जाळी काढून, घडी घालून, नीट भिंतीवर ठेवली होती. आमची अर्धी इमारत रातोरात एका नव्या खात्याच्या कार्यालयाला दिली होती. राजधानी झाली म्हणजे दफ्तरं आली, दफ्तरं आली म्हणजे साहेब आले, आणि साहेबांच्या गाड्या उन्हात धुळीत कशा उभ्या राहणार? महिनाभर आम्ही राबलो आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसले.

मी तशीच प्राचार्यांकडे गेले. त्यांची खोली साहेबांना गेली होती. त्या ग्रंथालयात एका टेबलाशी, कपाटांच्या मधोमध बसल्या होत्या. चांगली बाई होती. मी आवाज चढवला तरी त्यांनी चढवला नाही.

"मैडम, राजधानी बनी है, थोड़ा तो सबको सहना पड़ेगा. कुछ दिन की बात है."

"कुछ दिन में मेरी लड़की का ट्रायल है."

"ट्रायल तो कहीं भी हो जाएगा न," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "मेरी तो कुर्सी भी चली गई, देख रही हैं आप." घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्या बाईची गत. भांडायला समोर कुणीतरी लागतं. इथं ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच दिसत नव्हता, नुसता 'ऊपर से फोन' येत होता.

बाहेर आले तर एक ड्रायव्हर बॉनेटला टेकून पान खात होता. मला बघून अदबीनं सरळ झाला. "मैडम, जगह बहुत बढ़िया है. पूरे शहर में धूल उड़ रही है, यहाँ एक कण नहीं. ये लिपाई किसने की है?"

"मेरी लड़कियों ने."

"बहुत सुंदर की है," तो म्हणाला. अगदी मनापासून. इतक्या वर्षांत त्या कोर्टाची कुणी तारीफ केली असेल तर ती त्या माणसानं. त्याच्या गाडीखाली इंजिनातलं काळं तेल थेंब थेंब गळत होतं आणि वळणावर चाकांनी सारवण उखडून मुरूम वर आणला होता. मी भिंतीवरची जाळी उचलून खोलीत नेऊन ठेवली, आणि दार लावून रडले. नोकरीत मी दोनदा रडले, त्यातलं हे एक.

तारखा चार दिवस पुढे सरकवून चाचणी भिलाईला नेली. सिमेंटच्या कोर्टावर.

हे कळल्यावर गजाननभाऊंनी जे केलं ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, सिमेटच पाह्यजे न? या धक्क्यावर." रविवारी सकाळी मालगाडी लागलेली नसली की गुढियारीच्या मालधक्क्याचा लांबलचक सिमेंटचा ओटा रिकामा असायचा. एका बाजूला तांदळाच्या पोत्यांची थप्पी, दुसऱ्या बाजूला रूळ. मधल्या पट्ट्यात मी उभी राहून वैशालीला चेंडू टाकायचे, आणि बाप पोत्यांपाशी उभा राहून सुटलेले चेंडू अडवायचा. रुळांवर गेलेला चेंडू आणायला स्वतः उतरायचा, आम्हाला उतरू द्यायचा नाही. थंडी पडायला लागली होती. कोंड्यानं तिघं शिंकायचो. चेंडू तिथं टणकन उडायचा, आणि वैशालीचा हात प्रत्येक वेळी खालीच जायचा. "वर, वर," मी ओरडायचे. "वर घे न बाप्पा," पोत्यांपाशी उभा तिचा बाप हळूच म्हणायचा. दोन-तीन रविवार असे मिळाले. हातांनी जे वर्षानुवर्षं शिकलेलं असतं, ते दोन-तीन रविवारांत कसं विसरणार?

भिलाईला आम्ही पॅसेंजरनं गेलो. गजाननभाऊंना ड्यूटी होती, ते आले नाहीत. समोरची पोरगी तिथल्याच टाउनशिपमधली, लहानपणापासून त्या सिमेंटवर वाढलेली. तिचा राग करावा असं तिच्यात काही नव्हतं. गोड पोरगी होती, वैशालीला स्वतःच्या बाटलीतलं पाणी देत होती. पहिल्या काही खेळांत वैशालीनं तिला इकडून तिकडे पळवलंही. पण तो बॅकहँड, जो आमच्याकडे पडला की उठायचा नाही, तो इथं पडून छान कमरेएवढा वर यायचा, मारायला सोयीचा. एका चेंडूला वैशाली सवयीनं घसरायला गेली. सिमेंटवर बूट घसरत नाही, धरतो. ती गुडघ्यावर आपटली. सलवार फाटली, रक्त आलं. उठली, ओढणीनं पुसलं आणि परत रेघेवर जाऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं, कुणावर तरी ओरडता आलं असतं. हरल्यावर तिनं जाळीपाशी जाऊन हात मिळवला आणि माझ्याकडे आली ती बूट सोडायलाच खाली बसली. बराच वेळ नाडी सोडत होती.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर कापलेली धानाची शेतं होती. खळ्यांवर मळणी चाललेली, लोक घाईत. सगळ्या मुलखाचं पीक घरी येत होतं.

"मॅडम, बॉल वर येऊन राहिला होता," वैशाली म्हणाली.

"हो."

"मले माहीत होतं, येईन म्हणून. तरी हात खालीच जाय."

मी तिच्या हातावर हात ठेवला असता तर बरं झालं असतं. मी डब्यातली पोळी काढून तिला दिली. आमच्या पिढीला जेवू घालण्यापलीकडे माया करता येत नाही. तिनं ती खाल्ली, सगळी, आज्ञाधारकपणे.

स्टेशनवर गजाननभाऊ उभे होते. पोरीचं तोंड बघून त्यांना कळलं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. मी म्हटलं, "चांगली खेळली." ते म्हणाले, "हव." मग आम्ही तिघं तसेच स्टेशनबाहेर उभे राहिलो. रिक्षावाले विचारून विचारून गेले. कुणी निघेना. मला वाटत होतं, बोलणं त्यांचं आहे. शब्द त्यांनी दिलेला, घर त्यांचं, पोरगी त्यांची. मास्तरणीनं लोकांच्या घरच्या लग्नकार्यात नाक खुपसू नये, ही आमची शिस्त. शेवटी मी "येते" म्हटलं आणि आले.

'कुछ दिन' संपले नाहीत. कार्यालय नंतर नव्या इमारतीत गेलं, पण तोवर आमच्या कोर्टावर पत्र्याची शेड उभी राहिली होती, आणि शेड एकदा झाली की तिच्या पोटात काहीतरी भरतंच. मी पुढेही कितीतरी वर्षं टेनिस शिकवत राहिले. आज या क्लबात, उद्या त्या शाळेत, लोकांनी उपकार म्हणून दिलेल्या तासाभरात. पोरी सिमेंटवर शिकल्या, त्यांचे हात वर जायला लागले, एक-दोघींची नावं संघातही आली. मला आनंद झाला का? झाला. पण तो दुसऱ्याच्या मुलाची मुंज बघावी तसा. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि भाषण करणारे गृहस्थ मला सारखे बॅडमिंटनच्या मॅडम म्हणत होते. मी दुरुस्त केलं नाही. आता दर नोव्हेंबरात शहरभर राज्योत्सवाच्या माळा लागतात. माझ्या वयाची मंडळी विचारतात, राज्य झालं त्या दिवशी तुम्ही कुठं होता? मी सांगते, गोलबाजारात, पेढे खात होते. तेही खरंच आहे. त्याच्या पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही, आणि सणाच्या दिवशी कुणाला कशाला सांगायचं?

वैशालीचं लग्न त्या वर्षी माघातच झालं. गुढियारीत, रेल्वेच्या क्वार्टरांच्या मधल्या गल्लीत मांडव घातला होता. मी जरा लवकरच गेले. गजाननभाऊ नव्या सदऱ्यात घामाघूम, पाहुण्यांच्या मागे धावत होते. मला बघून आले, खुर्ची दिली, सरबत मागवलं, आणि गेले नाहीत. शेजारच्या खुर्चीच्या कडेवर बसले. त्या दिवशी प्रथमच माझ्यासमोर बसले असतील.

"मॅडम, एक गोष्ट विचारू? तुम्ही त्या दिवशी टेसनावर काही बोलल्या काहून नाही?"

"मी काय बोलणार होते भाऊ? तुमचा शब्द गेलेला होता."

"हो न. माहा शब्द होता. तं माह्यानं तो कसा मोडता येईन?" ते हातातल्या उपरण्याचं टोक पिळत होते. "कोणीतरी मागाले पाह्यजे होतं. तुम्ही म्हणल्या असत्या, गजाननभाऊ, पोट्टीले अजून एक साल द्या, तं मी देल्लं असतं. मानसायले सांगता आलं असतं, मॅडमनं शब्द टाकला, मोठ्या मानसाचा शब्द मोडता येत नाही. मी पाहुण्यायले किती दिवस जवाबच नाही देल्ला. रोज वाटे, आज मॅडम येतीन."

"वैशाली का नाही बोलली?" मी म्हटलं.

"ती कशी बोलन? मी एक डाव विचारलं तिले. तं म्हणे, मॅडमच काही बोलल्या नाही न बाबा. म्हंजे माह्यात तेवढा दम नसंन."

कुणीतरी हाक मारली, पाहुणे आले होते, ते उठून गेले. मला त्या माणसाचा राग आला. पोरीचं आयुष्य आणि मागायला माणूस नाही म्हणून थांबतो! वैशालीचाही आला, आणि माझा तर फारच आला. सगळे एकमेकांचा मान राखत बसलो होतो. मी उठून आत जायला निघाले, तेवढ्यात तिलाच बाहेर आणलं. पिवळी साडी, मुंडावळ्या, डोळे खाली. मला बघून ती बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आली आणि वाकली. माझ्या सगळ्या नोकरीत तिच्यासारखी कुणी खेळली नव्हती, हे आत्ता, इथं, या एका मिनिटात तिला सांगायचं होतं. भटजी वेळ झाली म्हणून ओरडत होते. मागून कुणी माझ्या मुठीत अक्षता दिल्या. दोघं जण अंतरपाट उलगडत होते. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि थांबली.

मी म्हटलं, "सुखी राहा."